पानाखाली ओढा

डिंडोलीत बेडूक पाहायला लांब जावं लागत नाही. पहिला दणदणीत पाऊस झाला की सुरतच्या या कडेला रिकाम्या प्लॉटांत आणि रेल्वेलाइनीलगतच्या खड्ड्यांत पाणी साचतं आणि रात्रभर डराव डराव सुरू होतं. उधना-जळगाव लाइनीने नंदुरबार, धुळे, जळगावकडून येऊन इथे स्थिरावलेल्या खानदेशी घरांना हा आवाज नवा नाही. गावाकडे नाल्यात आणि शेताच्या बांधालाही हेच बेडूक ओरडतात.

यांतला सगळ्यांत थोराड बेडूक वर्षभर मातकट हिरवा असतो. पावसाळा लागला की नर पिवळाधमक होतो आणि ओरडताना त्याच्या गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगतात. एकेका डबक्यात कित्येक नर जमतात, एकमेकांना रेटतात, ढकलतात. मादी आली की ज्याला संधी मिळेल तो तिच्या पाठीवर चढतो आणि काखेखालून हात घालून घट्ट मिठी मारतो. मादी पाण्यात अंडी सोडते, त्याच वेळी नर त्यांच्यावर शुक्राणू सोडतो. अंडी आणि शुक्राणूंची गाठ शरीराबाहेर, तीही पाण्यात पडायची असल्यामुळे दोघांची वेळ जुळावी लागते. मिठी सैल पडली तर शुक्राणू पाण्यात पसरून वाया जातील, किंवा दुसरा नर जागा बळकावेल. म्हणून अंडी घालून होईपर्यंत नर पकड सोडत नाही.

जगातल्या बहुतेक बेडकांची रीत थोड्याफार फरकाने हीच आहे. पकड कधी काखेत असते, कधी कमरेला, कधी डोक्याशी, पण पकड असतेच. या रीतीला फाटा देणारा एक बेडूक सह्याद्रीत राहतो. तापीच्या दक्षिणेला सुरू झालेली ही डोंगररांग पार कन्याकुमारीकडे जाते आणि तिच्यातल्या बेडकांच्या कितीतरी जाती जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. त्या बेडकाकडे जाण्याआधी अंड्यांची अडचण समजून घेऊ.

पाणी हवं, पण पाण्यात नको

बेडकाच्या अंड्याला कवच नसतं. काळसर किंवा पांढुरका गर्भ आणि त्याभोवती पारदर्शक बुळबुळीत आवरण, एवढंच. कोंबडीचं अंडं कोरड्या जागी राहू शकतं. बेडकाचं अंडं काही तास वाऱ्यावर राहिलं तर सुकून जातं. म्हणून बेडूक पाण्याशी बांधलेला आहे.

पाण्यातही सुख नाही. मासे, जलकीटक, चतुरांच्या अळ्या, दुसऱ्या बेडकांचे बेडूकमासे, सगळे अंड्यांवर टपलेले असतात. यावर डबक्यातल्या बेडकाचा उपाय म्हणजे संख्या. थोराड बेडकाची मादी किंवा आपल्या अंगणातली भेकडी एका वेळी हजारो अंडी घालते. त्यांतली मूठभर पिल्लं मोठी झाली तरी वंश चालतो. शिवाय पावसाच्या डबक्यात मासे नसतात. फक्त डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटले पाहिजेत.

डोंगरातल्या ओढ्यात हा उपाय चालत नाही. तिथे मासे बारमाही असतात आणि पाण्याला इतका जोर असतो की मोकळी सोडलेली अंडी वाहून जातील. मग सह्याद्रीतल्या बेडकांनी निरनिराळ्या वाटा शोधल्या. आंबोलीच्या सड्यावरचा एक छोटा भेक खडकातल्या उथळ खळग्यांत अंडी घालतो. मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचं घरटं करतो, पिल्लं त्या फेसातून खाली पाण्यात पडतात. मुठीत मावतील असे झुडूपबेडूक तर बेडूकमाशाची पायरीच गाळतात. त्यांच्या अंड्यातून थेट चार पायांचं, नखाएवढं पिल्लू बाहेर येतं.

उत्तर कन्नडमधल्या एका रातबेडकाची रीत आणखी निराळी. मादी हातांवर उभी राहून, म्हणजे डोकं खाली करून अंडी चिकटवते आणि निघून जाते. मग नर ओढ्याच्या तळातला चिखल हातांनी उचलून आणतो आणि अंड्यांवर लिंपतो. के. व्ही. गुरुराजा आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये या जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि तिच्या नावात कुंभाराला जागा दिली.

या सगळ्या वाटांपैकी एक वाट दोन खंडांवर वेगवेगळ्या बेडकांना स्वतंत्रपणे सापडली. ओढ्यावर झुकलेलं पान निवडायचं, अंडी त्या पानाला चिकटवायची आणि पिल्लं अंड्यातून निघाल्यावर त्यांना खालच्या पाण्यात पडू द्यायचं. माशांपासून अंडी वाचतात, प्रवाहापासूनही वाचतात. पण आता ती हवेत आहेत. त्यांना ओल कोण देणार आणि त्यांची राखण कोण करणार?

काचेच्या बेडकाचा बाप

मेक्सिकोपासून अर्जेंटिनाच्या ईशान्य कोपऱ्यापर्यंतच्या दमट जंगलांत काचेचे बेडूक राहतात. त्यांच्या दीडशेहून अधिक जाती माहीत आहेत. पाठीकडून ते फिकट हिरवे दिसतात. पोटाकडून मात्र कातडी इतकी पारदर्शक असते की आतली आतडी, यकृत, काही जातींत धडधडणारं हृदयसुद्धा दिसतं. दिवसा ते पानाला चिकटून झोपतात. तेव्हा त्यांच्या रक्तातल्या जवळजवळ 89 टक्के तांबड्या पेशी यकृतात जाऊन बसतात आणि अंग दुपटी-तिपटीने अधिक पारदर्शक होतं. 2022 च्या डिसेंबरमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. इतक्या पेशी एका ठिकाणी दाटूनही रक्ताची गुठळी होत नाही, म्हणून वैद्यकाचं लक्षही या बेडकाकडे गेलं.

यांतली मध्य अमेरिकेतली फ्लाइशमानची जात सगळ्यांत जास्त अभ्यासली गेली आहे. नर ओढ्यावरचं एक पान धरून बसतो आणि शिट्टीसारखा बारीक आवाज काढतो. दुसरा नर जवळ आला तर झटापट होते. मादी आली की नर तिच्या पाठीवर नेहमीसारखी काखेतली मिठी मारतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला वीस-तीस अंड्यांचा पुंजका चिकटवते आणि तिचं काम संपतं.

नराचं काम इथून पुढे सुरू होतं. रात्री तो अंड्यांवर येऊन पोट टेकवून बसतो आणि अंगातलं पाणी त्यांना देतो. हवा कोरडी असेल त्या रात्री तो अंड्यांपाशी जास्त वेळ बसतो आणि पाऊस असेल तेव्हा कमी, हे मेक्सिकोतल्या निरीक्षणांत दिसून आलं. जेसी डेलिया आणि सहकाऱ्यांनी काही पुंजक्यांवरचे बाप दूर केले. बरेच गर्भ सुकून मेले. जे वाचले ते नेहमीपेक्षा लवकर अंड्याबाहेर आले. बाप असेपर्यंत पिल्लं अंड्यात राहून नीट वाढतात, बाप गेला की मिळेल त्या अवस्थेत पाण्यात उडी घेतात. अर्धवट वाढलेलं पिल्लू माशाच्या तोंडी सहज लागतं, पण सुकून मरण्यापेक्षा तो धोका बरा.

याच कुळातल्या वालेरिओच्या बेडकाचा नर दिवसाही अंड्यांजवळून हलत नाही. त्याच्या पाठीवरचे पिवळट ठिपके लांबून अंड्यांच्या पुंजक्यासारखेच दिसतात. गांधीलमाश्या अशी अंडी पळवायला येतात. त्यांच्याशी सामना करायचा तर बापाला अंड्यांना खेटून बसण्यावाचून पर्याय नाही.

या सगळ्यावरून एक साधा निष्कर्ष बरीच वर्षं प्रचलित होता. काही जातींत बाप अंडी सांभाळतो, बाकीच्यांत कोणीच सांभाळत नाही. पुढे डेलिया आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांत, डझनावारी जातींची अंडी घातल्या घातल्या पाहणी केली. जिथे कोणीच राखण करत नाही असं मानलं होतं, तिथे अंडी घातल्यावर आई पहिल्या रात्री काही वेळ त्यांच्यावर बसून राहत होती. तेवढ्या वेळात अंड्यांभोवतीचं आवरण पाणी शोषून चांगलं फुगतं आणि मग ती निघून जाते. अभ्यासक सकाळी पोचत, तेव्हा पानावर फक्त अंडी उरलेली असत. 2017 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि काचेच्या बेडकांमध्ये अंडी सांभाळण्याची सुरुवात बापाने केली की आईने, या प्रश्नाचं उत्तर नव्याने मांडावं लागलं.

हुंबरळीच्या ओढ्यावर

सह्याद्रीतल्या पानावरच्या बेडकाचं शास्त्रीय नाव 1955 मध्ये जे. एल. भादुरी आणि एम. बी. कृपलानी यांनी ठेवलं. त्यांनी ते मुंबईचे निसर्गअभ्यासक हुमायून अब्दुलअली यांच्या नावावरून दिलं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी अब्दुलअलींचं आयुष्यभराचं नातं होतं. पक्ष्यांइतकाच त्यांना बेडकांचाही कळवळा होता. परदेशांत बेडकाच्या तंगड्या खातात म्हणून एकेकाळी भारतातून दर वर्षी हजारो टन तंगड्या निर्यात होत आणि त्यांत डिंडोलीच्या डबक्यात दिसणारा थोराड बेडूकच प्रामुख्याने मारला जाई. बेडूक संपले तर शेतातले किडे वाढतील, हे अब्दुलअली पुन्हा पुन्हा सांगत राहिले. 1987 मध्ये केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली.

त्यांच्या नावाचा रातबेडूक मात्र कुणाच्या ताटात जाण्याएवढा मोठा नाही. अंगठ्यापेक्षा जरा मोठं तपकिरी, सुरकुतलेलं अंग, मोठे डोळे आणि बाहुली शंकरपाळ्याच्या आकाराची. रातबेडकांच्या सगळ्या जाती फक्त पश्चिम घाटात आढळतात. इतर बेडकांपासून त्यांची शाखा काही कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. दिवसा हा बेडूक ओढ्यातल्या दगडांच्या सांदीत लपतो. पावसाळी रात्री नर काठावरच्या झुडपांच्या पानांवर, खोडांवर, खडकांवर चढून ओरडू लागतात.

त्याच्या विणीबद्दलच्या सविस्तर नोंदी कृष्णमेघ कुंटे यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या काळी समज असा होता की या बेडकात मिठी मुळी नसतेच. मादी पानावर अंडी घालून जाते आणि मग नर अंड्यांवर येऊन ती फलित करतो. ही गोष्टच इतकी वेगळी होती की तिचा छडा लावणं भाग होतं.

2010 ते 2012 या पावसाळ्यांत बर्ट विलार्ट, रॉबिन सुयश, सोनाली गर्ग, वरद गिरी, मार्क बी आणि एस. डी. बिजू यांच्या गटाने सातारा जिल्ह्यात, कोयनेजवळच्या हुंबरळीच्या ओढ्यावर या बेडकांवर पाळत ठेवली. चाळीस रात्री ते ओढ्याकाठी बसले. कोयनेच्या पावसात रात्रभर एका पानावर नजर ठेवायची, टॉर्चचा झोत न टाकता, अंधारात दिसणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रीकरण करायचं, आणि बहुतेक रात्री काहीही घडत नसताना जागं राहायचं. त्यांचा प्रबंध 2016 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांना जे दिसलं ते असं. नर पानावर बसून आवाज काढतो. मादी जवळ येते. नर तिच्या पाठीवर येतो, पण तिला धरत नाही. त्याचे हात पानावर, फांदीवर किंवा खोडावर टेकलेले असतात. तो तिच्यावर नुसता सैलसर पसरतो. काही मिनिटांनी मादी पाठ वर उचलते, पुन्हा पुन्हा उचलते, आणि नर उतरून बाजूला होतो. अंडं अजून एकही बाहेर आलेलं नसतं. नंतर मादी त्याच जागी थांबते आणि एकटीच अंडी घालते.

म्हणजे फलन होतं कसं? नर वर असतानाच तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो. ते पाठीवरून, मांड्यांवरून ओघळत खाली येतात आणि मागून अंडी बाहेर पडत जातात तेव्हा त्यांच्यापर्यंत पोचतात. पाण्यात हे जमलं नसतं, शुक्राणू क्षणात पसरले असते. ओल्या पानावर मात्र ते जिथे सोडले तिथेच राहतात. पकडीची गरजच इथे संपते. वेळ जुळवण्याचं काम आता नराच्या हातांचं राहिलेलं नाही. ते मादीच्या अंगावरून हळूहळू उतरणाऱ्या ओघाकडे गेलं आहे.

तोवर बेडकांच्या मिलनाच्या सहा पद्धती ठाऊक होत्या. ही सातवी ठरली. जगभरातल्या वर्तमानपत्रांनी तिच्यावर चुरचुरीत मथळे दिले. पण त्याच प्रबंधातली आणखी तीन निरीक्षणं मागे पडली. पहिलं, या बेडकाची मादीही आवाज काढते. जगातल्या बेडकांच्या जातींपैकी एक टक्क्याहून कमी जातींत मादीचा आवाज नोंदवला गेला आहे. दुसरं, नर जागेवरून एकमेकांशी झुंजतात. तिसरं, पानावरची अंडी एका सापाने येऊन खाल्ल्याचं दिसलं. अंडी माशांच्या तावडीतून सुटली की जमिनीवरच्या शत्रूंना ती सापडतात, त्याचा हा पुरावाच.

चुकलेली मिनिटं

काचेचा बेडूक आणि सह्याद्रीतला रातबेडूक यांचं नातं फार लांबचं आहे. दोघांनी पानाची वाट आपापली शोधली. तरी एका बाबतीत दोघांची कथा एकच आहे. दोघांबद्दलचे चुकीचे समज एकाच कारणाने तयार झाले, ते कारण म्हणजे माणसाचं वेळापत्रक. अभ्यासक रात्री दहा वाजता ओढ्यावर पोचतो, नोंदी करतो, एक वाजता परत फिरतो. पहाटे आला तर पानावर अंडी असतात. मधल्या काळात नर काही मिनिटं पाठीवर आला होता की नाही, आई दोन-तीन तास अंड्यांवर बसली होती की नाही, हे पान सांगत नाही.

डबक्यातला बेडूक अशी फसवणूक करत नाही. त्याची मिठी तासन् तास टिकते, जोड्या पहाटेही पाण्यावर तरंगताना दिसतात. पानावर आलं की सगळं आटोपशीर होतं. उघड्या पानावर दोघांनी फार वेळ थांबणं धोक्याचं असतं. म्हणून पानावर वीण होणाऱ्या बेडकांची महत्त्वाची कामं थोडक्या वेळात उरकतात, आणि तो वेळ हुकला तर निष्कर्षही हुकतो.

राखणीची विभागणीही त्या त्या जागेच्या पावसाने ठरलेली दिसते. फ्लाइशमानच्या बेडकाच्या जंगलात पावसाळ्यातही कोरड्या रात्री येतात, म्हणून बापाला पाणी द्यावं लागतं. कोयनेच्या परिसरात वर्षाला साधारण 5,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, संततधारेने. तिथे पानावरची अंडी ओली ठेवण्याचं काम आभाळच करतं. नराला आपली जागा धरून पुढच्या मादीसाठी ओरडत राहायला वेळ मिळतो. याचीच दुसरी बाजू अशी की पावसाने ओढ दिली, पंधरा-वीस दिवस ढग आले आणि बरसले नाहीत, तर या अंड्यांना पाणी देणारं दुसरं कोणी नाही.

ओढा राखायचा म्हणजे काय

काचेच्या बेडकांना त्यांच्या सौंदर्यामुळे धोका निर्माण झाला. काचेच्या पेटीत पाळण्यासाठी त्यांची तस्करी वाढली, तेव्हा 2022 मध्ये पनामात झालेल्या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलं. तपकिरी, सुरकुतलेल्या रातबेडकाला कोणी पेटीत ठेवणार नाही. त्याला वेगळ्या गोष्टीची भीती आहे.

ओढा राखायचा म्हटलं की आपण पाण्याचा विचार करतो. पाणी स्वच्छ आहे ना, बारमाही वाहतं ना, बस. पानावर अंडी घालणाऱ्या बेडकाला ओढा पुरत नाही, ओढ्यावर झुकलेली झुडपं लागतात. घाटातल्या रस्त्याच्या रुंदीकरणात काठ साफ केला, रिसॉर्टसमोरचा ओहोळ दगडी बांधीव केला, धबधब्याकडे जायची वाट मोकळी करताना पाण्यावरच्या फांद्या छाटल्या, तर पाणी तसंच वाहत राहतं आणि तरी त्या ठिकाणची वीण संपते. ओढा कोरडा पडला तर बातमी होते. काठाचं झुडूप गेलं तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

पावसाळ्यात भटकायला जाणाऱ्यांनाही इथे काही करण्यासारखं आहे. सुरतहून डांगच्या जंगलात, नाशिकहून इगतपुरीला, पुण्याहून माळशेजला हजारो लोक पावसात निघतात, आणि आता रात्री बेडूक पाहायला निघणारेही वाढले आहेत. नेमका हाच विणीचा हंगाम. पाण्यावर लोंबणाऱ्या पानाला हात न लावणं, जेलीसारखा पुंजका दिसला तर पान वाकवून फोटो न काढणं, ओरडणाऱ्या नरावर टॉर्चचा झोत धरून न ठेवणं, एवढ्यानेही बरंच साधतं. झोत पडला की नर गप्प होतो, आणि मादी आवाजाच्या मागावर येत असते.

पश्चिम घाटातल्या रातबेडकांची यादी झपाट्याने वाढते आहे. 2011 मध्ये एकाच प्रबंधात या कुळातल्या बारा नव्या जाती नोंदल्या गेल्या, 2017 मध्ये आणखी सात. नवी जात ठरवायला नमुना, मोजमाप, आवाजाची ध्वनिफीत आणि जनुकांची तपासणी लागते. ती कशी जगते हे कळायला मात्र हुंबरळीसारखी जागरणं लागतात. ती करायची तर अंडी घालायला पान शिल्लक हवं. म्हणून जातीला नाव मिळालं की तिच्या ओढ्याकाठची झुडपंही त्याच वर्षी राखायला घ्यावीत. जागरणाला माणसं पुढे कधीही मिळतील, पण तोडलेला काठ पुन्हा पाण्यावर झुकायला काही पावसाळे जातात आणि बेडकाची वीण तेवढे पावसाळे थांबत नाही.